आधी जागा बघा, मग चित्र : सैन्याच्या बिल्ल्यांवर वाचकांचे प्रश्न

सैनिकी बिल्ल्यांविषयी आलेले प्रश्न एकत्र करून वाचले, तर जवळजवळ प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते : ‘या चित्राचा अर्थ काय?’ तो बिल्ला नेमका कुठे लावला होता, हे मात्र क्वचितच कुणी कळवतं. मला उलट आधी तेच विचारावं लागतं. टोपीवर होता की दंडावर? डाव्या की उजव्या? एकच चित्र जागा बदलली की वेगळं बोलतं. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवलंत तर माझं निम्मं काम होईल.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पायदळात आहे. त्याच्या टोपीवर एक चिन्ह असतं आणि दंडावर वेगळंच. मागच्या वर्षी पलटण हलली तेव्हा दंडावरचं बदललं, टोपीवरचं तसंच राहिलं. असं का?

टोपीवरचं चिन्ह घराण्याचं आहे आणि दंडावरचं सध्याच्या पत्त्याचं. जवान ज्या रेजिमेंटमध्ये भरती होतो तिचं चिन्ह टोपीवर चढतं आणि सहसा निवृत्तीपर्यंत तिथेच राहतं. पलटण मात्र आज या डिव्हिजनच्या, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या फौजेच्या, हाताखाली असते, तीन वर्षांनी दुसऱ्या. डिव्हिजन, तिच्याहून मोठी कोअर आणि त्याहून मोठी कमांड, यांच्या चिन्हाला फॉर्मेशन साइन म्हणतात. ते दंडावर असतं आणि पलटणीबरोबर बदलतं. एका डिव्हिजनमध्ये पायदळ, तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय अशी सगळी मंडळी असतात, त्यामुळे दंडावर एकच चिन्ह असलेल्या चार जवानांच्या टोप्यांवर चार वेगळी चिन्हं दिसली तर त्यात काही चुकलेलं नाही.

टोपीवरच्या चिन्हांची परंपरा जुनी आहे. दंडावरचं त्या मानाने अलीकडचं. त्याचं मूळ अमेरिकी यादवी युद्धात सापडतं. १८६२ साली जनरल फिलिप कर्नी याने आपल्या अधिकाऱ्यांना टोपीवर लाल कापडाचा तुकडा लावायला सांगितलं. कथा अशी की, तो काही अधिकाऱ्यांवर चांगलाच बरसला आणि नंतर कळलं, की ते त्याचे नव्हतेच! पुढच्या वर्षी जनरल हूकरने ही पद्धत उत्तरेच्या बाजूच्या साऱ्या पोटोमॅक सैन्याला लावली. प्रत्येक कोअरला एक आकार दिला : कुणाला वर्तुळ, कुणाला चंद्रकोर, कुणाला तारा. आकारावरून कोअर कळायची आणि रंगावरून डिव्हिजन. पहिली लाल, दुसरी पांढरी, तिसरी निळी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी सोय होती ती.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तीच कल्पना वेगळ्या कारणासाठी उचलली. गाड्यांवर डिव्हिजनचं नाव लिहिलं तर शत्रूचा हेर ते वाचणार, म्हणून नावाच्या जागी चित्र रंगवायचं. तेच चित्र मग गणवेशावर आलं. १९१८ साली अमेरिकेची ८१ वी डिव्हिजन दंडावर रानमांजराचं चित्र लावून फ्रान्समध्ये उतरली. इतरांनी तक्रार केली, की यांना परवानगी कुणी दिली? तक्रार वर गेली आणि ऑक्टोबरमध्ये निर्णय झाला : मांजर राहू दे, बाकीच्यांनीही आपापली चिन्हं करावीत. आज अमेरिकी सैनिकाच्या दंडावर जे दिसतं ते तिथून सुरू झालं. तक्रार करणाऱ्यांचा हेतू अर्थातच हा नव्हता.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पितळी बिल्ला सापडला. बिगुल आहे, वर मुकुट, खाली फितीसारख्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं पुसट झाली आहेत. सोबत एक काळा कापडी चौकोन आणि त्यावर लाल गोळा. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते एवढंच घरात माहीत आहे. यावरून काय कळेल?

बरंच कळेल. आधी बिगुल. बिगुल हे लाइट इन्फंट्रीचं, म्हणजे चपळ पायदळाचं चिन्ह आहे. हे पायदळ मुख्य रांगेच्या पुढे विखरून लढायचं. ढोलाचा आवाज अशा विखुरलेल्या माणसांपर्यंत पोचत नसे, म्हणून त्यांना आज्ञा बिगुलावरून दिल्या जात. अनेक ब्रिटिश पलटणींच्या बिल्ल्यांवर बिगुल आहे आणि आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्याही. त्यामुळे पट्टीवरची अक्षरं महत्त्वाची. ‘मराठा’ शब्दाचं त्या काळचं स्पेलिंग आजच्याहून वेगळं, एच आणि दोन टी असलेलं होतं. भिंगाखाली तिरपा उजेड पाडून पाहा, पुसट अक्षरं वर येतात. पण पितळ पॉलिश करू नका. घासून घासूनच ती पुसट झाली आहेत.

आता मुकुट. त्याच्या वरच्या कमानी नीट बघा. गोलाई सरळ चढून वर मिळत असेल तर तो राजाचा मुकुट, १९०१ ते १९५२ या काळातला. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर तो राणी एलिझाबेथच्या काळचा. भारतीय सैन्याने २६ जानेवारी १९५० रोजी मुकुट उतरवून अशोकाचे सिंह घेतले. म्हणजे आजोबांच्या खऱ्या बिल्ल्यावर दबलेल्या कमानी असूच शकत नाहीत. तशा दिसल्या तर तो बिल्ला नंतरचा आहे, किंवा कुणीतरी नंतर बनवलेली नक्कल. (चार्ल्स राजे झाल्यावर ब्रिटनने पुन्हा गोल कमानींचा मुकुट घेतला आहे. पुढच्या पिढीच्या संग्राहकांना त्याचा ताप होणार.)

काळ्या चौकोनावरचा लाल गोळा ही ५ व्या भारतीय डिव्हिजनची फॉर्मेशन साइन. अधिकृत नाव ‘बॉल ऑफ फायर’. गोऱ्या सोजिरांनी ठेवलेलं नाव इथे छापता येणार नाही. ही डिव्हिजन १९४१ साली पूर्व आफ्रिकेत केरेनला लढली, मग उत्तर आफ्रिकेत, नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. मार्च १९४४ मध्ये तिला आराकानमधून थेट विमानांनी इंफाळकडे हलवलं गेलं. लढाई चालू असताना अख्खी डिव्हिजन हवेतून नेणं तेव्हा अपूर्वच होतं. आजोबा या सगळ्यांत होते असं चौकोनावरून सिद्ध होत नाही. ते कधीतरी या डिव्हिजनमध्ये होते, एवढंच ठरतं. नेमकं कळायला सेवापुस्तिका किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर हवा. ट्रंकेत पुन्हा एकदा हात घाला.

कापडी तुकडा खरा की नंतरचा, हे पाहायला संग्राहक अतिनील टॉर्च मारतात. युद्धानंतरच्या कृत्रिम धाग्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी उजळतात. जुना सुती धागा मंदच राहतो. मात्र घरात कुणी तो तुकडा आजच्या डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर अस्सल असूनही चमकेल. नकली ठरवून टाकून देण्याआधी आईला विचारा.

प्रश्न : अमेरिकी सैनिकांच्या दंडावरचा झेंडा उलटा शिवलेला का दिसतो?

उलटा नाही. उजव्या दंडावर आहे म्हणून तसा दिसतो. नियम असा, की ताऱ्यांचा निळा भाग नेहमी पुढच्या दिशेला हवा. सैनिक पुढे धावतो आहे आणि झेंडा काठीवरून मागे फडफडतो आहे अशी कल्पना करा. निळा भाग काठीजवळचा, म्हणून तो पुढे. तो मागे गेला तर सैनिक माघार घेतोय असं दिसेल.

त्याच दंडावर आणखी एक चिन्ह असू शकतं आणि ते मला जास्त आवडतं. अमेरिकी सैन्यात डाव्या दंडावर आजच्या तुकडीचं चिन्ह आणि उजव्यावर, हवं असल्यास, ज्या तुकडीबरोबर प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात गेलात तिचं. दुसऱ्या महायुद्धापासूनची ही प्रथा. नव्या तुकडीत कुणी रुजू झाला की जुनेजाणते पहिली नजर त्याच्या उजव्या दंडाकडे टाकतात.

प्रश्न : प्रत्येक रेजिमेंटच्या पुस्तिकेत रंगांचे अर्थ दिलेले असतात : लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे भूमी वगैरे. हे खरंच तसं ठरवलेलं असतं का?

कधी असतं, पुष्कळदा नंतर चिकटवलेलं असतं. युद्धाच्या धामधुमीत चिन्ह ठरवणाऱ्याकडे जो रंग उपलब्ध असतो, जे चित्र लांबून ओळखू येतं, ते तो घेतो. कविता पुढे शांततेच्या काळात होते. म्हणून ‘लाल म्हणजे शौर्य’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मी पान उलटतो.

ज्यांच्यामागे खरोखर डोकं चालवलेलं आहे ती चिन्हं वेगळी कळून येतात. ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिशांच्या १४ व्या आर्मीचं घ्या. लाल-काळ्या ढालीवर तलवार, पण टोक खाली. चिन्हशास्त्राच्या रूढीप्रमाणे तलवार वर रोखलेली हवी. तिचे सेनापती जनरल स्लिम यांनी ती मुद्दाम खाली केली, कारण ब्रह्मदेश परत घ्यायचा तर तो उत्तरेकडून खाली उतरतच घ्यावा लागणार होता. मुठीचा आकार इंग्रजी एससारखा, म्हणजे स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर! एवढी हौस सेनापतीला माफ आहे.

सैनिक स्वतः काय अर्थ लावतात, तो प्रकार निराळाच. ब्रिटनच्या ५१ व्या हायलँड डिव्हिजनचं चिन्ह म्हणजे नुसती ‘एच’ आणि ‘डी’ ही अक्षरं. जिथे जातील तिथल्या भिंतींवर, पाट्यांवर, झाडांवर ते ही अक्षरं रंगवत सुटले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना ‘हायवे डेकोरेटर्स’ म्हणायला सुरुवात केली. ब्रिटनच्याच ७ व्या आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनने वाळवंटातला लांब पायांचा उंदीर निवडला आणि ‘डेझर्ट रॅट्स’ हे नाव जन्मभर मिरवलं. गरुड, वाघ, सिंह यांच्या गर्दीत उंदीर घेणाऱ्यांना विनोदबुद्धी असावी. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न या छत्रीधारी डिव्हिजनचा गरुडसुद्धा नुसताच कल्पनेतला नाही. यादवी युद्धात विस्कॉन्सिनची एक रेजिमेंट ‘ओल्ड एब’ नावाचा जिवंत गरुड बरोबर बाळगायची, त्याची ती आठवण आहे.

प्रश्न : महार रेजिमेंटच्या चिन्हावर कोरेगावचा विजयस्तंभ होता असं वडील सांगतात, पण आजच्या चिन्हात तो दिसत नाही. वडिलांची काही चूक होते आहे का?

वडील बरोबर सांगतात. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला ही रेजिमेंट उभी राहिली तेव्हा चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता, १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून. पुढे तिला मशीनगन रेजिमेंटचं रूप मिळालं. आजच्या चिन्हात एकमेकींवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आहेत आणि स्तंभाच्या जागी खंजीर आला आहे. रेजिमेंट नंतर सर्वसाधारण पायदळात बदलली, व्हिकर्स कधीच्या निवृत्त झाल्या, पण बिल्ल्यावरून हलल्या नाहीत. बिल्ल्यावरचं शस्त्र सहसा वापरातून गेलेलंच असतं. जगभरच्या तोफखान्यांच्या चिन्हांवर अजून चाकांच्या जुन्या तोफा आहेत आणि कुणाला त्या खटकत नाहीत.

या प्रश्नाला लागून आणखी एक सांगण्याजोगं. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर हत्ती आहे. तो दक्षिणेतला म्हणून नाही. तो असईचा हत्ती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्या बाजूने लढलेल्या मद्रासी पलटणींना हत्तीचा मान मिळाला. म्हणजे मराठ्यांच्या पराभवाची ही खूण. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने, भारतीयांविरुद्ध लढून मिळालेले युद्धसन्मान ध्वजावर मिरवायचे नाहीत आणि त्या तारखा साजऱ्या करायच्या नाहीत, असं ठरवलं. हत्ती मात्र राहिला. बोधवाक्यही त्याच रेजिमेंटचं : ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’. मला यात विसंगती वाटत नाही. दोनशे वर्षं त्या हत्तीखाली जी माणसं लढली आणि मेली, त्यांनी त्याचा अर्थ केव्हाच बदलून टाकला. पण असईच्या रणभूमीवर गेलेल्या मराठी माणसाला तो हत्ती बघून किंचित टोचणार, हेही खरं.

प्रश्न : अमेरिकेच्या एका डिव्हिजनचं चिन्ह स्वस्तिक होतं, हे खरं की इंटरनेटवरची थाप?

खरं आहे. ४५ व्या इन्फंट्री डिव्हिजनने १९२४ साली लाल चौकोनावर पिवळं स्वस्तिक घेतलं. ओक्लाहोमा, कोलोराडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांतून ती भरलेली होती, म्हणून चौकोनाच्या चार बाजू. लाल-पिवळा रंग त्या भागाच्या स्पॅनिश वारशाचा. स्वस्तिक तिथल्या मूळनिवासी लोकांचं शुभचिन्ह होतं आणि त्यांच्यातले पुष्कळ जण या डिव्हिजनमध्ये होते. हिटलरने त्या आकाराचं जे करायचं ते केल्यावर १९३९ साली डिव्हिजनने स्वस्तिक काढून त्याच लाल चौकोनात पिवळा गडगडाटी पक्षी, ‘थंडरबर्ड’ बसवला. तोही मूळनिवासींच्याच कथांतला. एप्रिल १९४५ मध्ये डाखाऊची छळछावणी ज्या सैनिकांनी मुक्त केली त्यांत याच डिव्हिजनचे लोक होते.

फिनलंडच्या वायुसेनेकडेही १९१८ पासून स्वस्तिक होतं, नाझींच्या आधीपासून. एका स्वीडिश सरदाराने भेट दिलेल्या विमानावर ते रंगवलेलं होतं आणि तेच वायुसेनेने उचललं. दारावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही. युरोपात मात्र ते समजावून सांगता सांगता फिनिश लोक थकले असावेत.

प्रश्न : खांद्यावरून बगलेखाली जाणारी दोरी शोभेची असते की तिला अर्थ असतो? तोफखान्याची पांढरी दोरी म्हणजे भित्रेपणाची शिक्षा, असं एका माजी सैनिकाकडून ऐकलं.

ते ऐकलेलं विसरून जा. ‘अमक्या तुकडीने तोफा सोडून पळ काढला म्हणून तिला पांढरी दोरी बांधली’ ही गोष्ट ब्रिटिश तोफखान्याबद्दल सांगितली जाते आणि ती पूर्ण खोटी आहे. दोरीचा, म्हणजे लॅनयार्डचा, उगम कामाचा. घोड्यांच्या खुरात अडकलेले दगड काढायची चाकूसारखी आकडी किंवा तोफगोळ्याच्या फ्यूजची किल्ली हरवू नये म्हणून ती दोरीला बांधून खिशात ठेवत. हत्यार गेलं, दोरी राहिली. अशा भित्रेपणाच्या दंतकथा जवळपास प्रत्येक सैन्यात दुसऱ्या कुठल्यातरी तुकडीबद्दल सांगितल्या जातात, स्वतःच्या तुकडीबद्दल कधीच नाही. त्यावरूनच त्यांची किंमत कळते.

फ्रान्सची ‘फुराजेर’ ही दोरी मात्र सन्मानाची. पहिल्या महायुद्धात अख्ख्या तुकडीचा सैन्याच्या आदेशपत्रात गौरवाने उल्लेख झाला की ती मिळायची. किती वेळा उल्लेख झाला त्यावरून रंग ठरतो. दोन-तीन वेळा असेल तर क्रॉ द गेर या युद्धपदकाच्या फितीचा हिरवा-लाल, चार-पाच वेळा असेल तर मेदाय मिलितेर या लष्करी पदकाचा पिवळा-हिरवा, सहा किंवा अधिक असेल तर लेजन ऑफ ऑनर या फ्रान्सच्या सर्वोच्च सन्मानाचा लाल. आज त्या तुकडीत नव्याने आलेला पोरसवदा सैनिकही ती घालतो, कारण सन्मान तुकडीचा आहे.

आपल्याकडे दोरीची गोष्ट अलीकडे वेगळ्या वळणावर आली. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीय सैन्यात ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या सर्व अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, खांद्यावरची पदचिन्हं, कॉलरवरचे गॉर्जेट पॅच, पट्टा, बूट, सगळं समान, आणि लॅनयार्ड नाही. त्याआधी मेजर जनरलही आपल्या मूळ रेजिमेंटच्या खुणा बाळगून असत. आता त्या पायरीवर घराणं उतरवून ठेवायचं. कारण सरळ आहे : ब्रिगेडिअरच्या हाताखाली अनेक रेजिमेंटच्या पलटणी असतात आणि तो ‘त्यांचा’ आहे असं एकीलाही वाटू नये. जुन्या मंडळींना हे रुचलं नाही. मला दोन्ही बाजू पटतात. पण तीस वर्षं खांद्यावर वागवलेली दोरी काढताना हात थबकला असेल, याबद्दल शंका नको.

प्रश्न : बिल्ला टोपीच्या मागच्या बाजूला लावणारीही एक रेजिमेंट आहे म्हणे. मागे लावलेला बिल्ला बघणार कोण?

ब्रिटनची ग्लॉस्टरशायर रेजिमेंट. मार्च १८०१ मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ तिची पूर्वज असलेली २८ वी रेजिमेंट पुढून आणि मागून एकाच वेळी हल्ल्यात सापडली. मागच्या रांगेने जागच्या जागी तोंड फिरवलं आणि दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून लढल्या. तेव्हापासून त्यांच्या टोपीला पुढे एक आणि मागे एक असे दोन बिल्ले. रेजिमेंट १९९४ साली दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली, ती पुढे २००७ साली ‘द रायफल्स’मध्ये मिसळली. समारंभाच्या टोपीवर मागचा छोटा बिल्ला अजून आहे.

याहून मजेदार आहेत रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स. पूर्वी सैनिक केसांची शेंडी ठेवून तिला पावडर आणि चरबी चोपडत. कोटाची पाठ खराब होऊ नये म्हणून शेंडीला काळ्या फितींचं वेष्टण असे. १८०८ साली शेंड्या बंद झाल्या, पण ही रेजिमेंट तेव्हा समुद्रापार होती. शेंड्या गेल्या, फिती कॉलरला तशाच लटकत राहिल्या. वरिष्ठांनी हटकलं, वाद वाढला, आणि १८३४ साली राजा चौथा विल्यम याने त्या कायम ठेवायला मान्यता दिली. नसलेल्या शेंडीच्या फिती मानेमागे मिरवायचा हक्क! हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर वेल्श माणसासमोर हसू नका.

प्रश्न : जुन्या फोटोंत रंगीत चिन्हं असतात. हल्ली सगळं मळकट हिरवं-काळं आणि वेल्क्रोवर का?

कारण रंग मारून टाकतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांची पदचिन्हं बाहीच्या मनगटावर, लांबून दिसतील अशी मोठी असत. जर्मन नेमबाजांची चांगलीच सोय झाली. मग कित्येक अधिकाऱ्यांनी ती स्वतःहून खांद्यावर हलवली. तशा कोटाला घाबरटांचा कोट म्हणून हिणवलं गेलं, पण १९२० साली मनगटावरची चिन्हं अधिकृतपणेच बंद झाली. तेच पुढे कापडी चिन्हांचं झालं. व्हिएतनामच्या काळात अमेरिकेने रणांगणासाठी काळ्या-हिरव्या फिक्या आवृत्त्या आणल्या. वेल्क्रोचा फायदा उघड आहे : गस्तीवर निघताना चिन्ह ओढून खिशात टाकता येतं.

चिन्हावरून तुकडी ओळखता येते, म्हणजे चिन्हावरून फसवताही येतं. १९४४ साली फ्रान्समध्ये अमेरिकेची सुमारे अकराशे जणांची एक तुकडी होती. चित्रकार, ध्वनितंत्रज्ञ असले लोक तिच्यात होते. काम एकच, मोठ्या फौजेचं सोंग घेणं. रबरी रणगाडे फुगवायचे, रणगाड्यांचे आवाज कर्ण्यावर वाजवायचे, आणि दंडावर दुसऱ्याच डिव्हिजनची चिन्हं शिवून, ट्रकवर तिच्या खुणा रंगवून गावागावांतून फिरायचं, दारूच्या गुत्त्यांत बसायचं, मोठमोठ्याने बोलायचं. हेर बाकीचं काम करत. या ‘घोस्ट आर्मी’ची हकिकत अनेक दशकं गुप्त होती. २०२४ साली अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना मिळालं तेव्हा हयात असलेले थोडेच होते.

प्रश्न : ऑनलाइन ‘बलिदान’ बॅज असलेली टोपी घेतली. मित्र म्हणतो, गुन्हा आहे. धोनीने तर ग्लोव्हजवर लावला होता!

पॅरा स्पेशल फोर्सेसचा तो बॅज आहे. खाली टोक असलेला खंजीर, पंख, आणि देवनागरीत ‘बलिदान’. तो मिळवायला जी निवड पार करावी लागते तिच्यात बहुतेक जण गळतात. धोनीकडे टेरिटोरियल आर्मीचं मानद लेफ्टनंट कर्नलपद आहे. जून २०१९ मधल्या विश्वचषक सामन्यात त्याच्या ग्लोव्हजवर ते चिन्ह दिसलं, आयसीसीने मैदानावरच्या साहित्याच्या नियमाखाली परवानगी नाकारली आणि ते निघालं. देशभर वाद झाला तो बहुतेक देशभक्तीवर. बॅज कुणी, कुठे लावायचा हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ बघा. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने गणवेश किंवा चिन्ह वापरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदा हेतू बघतो. टोपी घालून क्रिकेट खेळलात म्हणून कुणी बेड्या घालणार नाही, पण तीच टोपी घालून टोलनाक्यावर रुबाब दाखवलात तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. कायदा सोडा. ज्याने तो बॅज कमावला त्याच्यासमोर ती टोपी घालून उभं राहायला जमेल का, एवढं स्वतःला विचारा. साधी टोपी घ्या.

प्रश्न : वडील सुभेदार होते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या रेजिमेंटच्या स्नेहमेळाव्याला मला बोलावलंय. त्यांची पदकं मी लावू शकतो का?

आधी मेळावा भरवणाऱ्यांना विचारा, प्रत्येक ठिकाणचा रिवाज असतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत रूढ प्रथा अशी आहे, की स्वतःची पदकं डाव्या छातीवर आणि वारलेल्या आप्ताची उजव्या. बघणाऱ्याला न सांगता कळतं, की ही याची नाहीत, याच्या माणसाची आहेत. वडिलांचा कॅप बॅज मात्र टोपीवर लावू नका. तो डबीत घालून बरोबर न्या. त्यांच्या पलटणीचं कुणीतरी तो हातात घ्यायला मागेलच.